जर्मनीत डेबिट कार्ड कसं घ्यायचं, कसं वापरायचं आणि हरवलं तर पहिल्या तासात काय करायचं

जर्मनीला शिकायला किंवा नोकरीला निघालेली मुलं व्हिसा, घर आणि थंडीचे कपडे याबद्दल खूप विचारतात, कार्डाबद्दल फारसं कोणी विचारत नाही, कारण आपल्याला वाटतं डेबिट कार्ड सगळीकडे सारखंच. तसं नाहीये. तिथे दोन प्रकारची डेबिट कार्डं चालतात, नियमही वेगळे आहेत, आणि ते नियम ग्राहकाच्या बाजूचे आहेत, फक्त आधी माहिती पाहिजेत. म्हणून क्रमाने लिहितोय.

१. आधी खातं

कार्डाच्या आधी चालू खातं लागतं, त्याला तिथे गिरोकोंटो म्हणतात. विद्यार्थी व्हिसासाठी जे ब्लॉक्ड अकाउंट काढता, म्हणजे आधी पैसे भरून ठरलेली रक्कमच दरमहा मिळते ते, त्यातले पैसे (सप्टेंबर २०२४ पासून महिन्याला ९९२ युरो) याच खात्यात येतात, त्यामुळे हे काम लवकर उरका. पासपोर्ट, व्हिसा आणि शहरात पत्ता नोंदवल्याचा कागद, म्हणजे आनमेल्डुंगचा, एवढं जवळ ठेवा. ओळख पटवायला शाखेत जा, नाहीतर काही बँका पोस्टात किंवा व्हिडिओ कॉलवर करून घेतात.

बँकेने नाही म्हटलं तर घाबरू नका. २०१६ पासून तिथे कायदाच आहे की युरोपियन युनियनमध्ये कायदेशीर राहणाऱ्या कोणालाही साधं खातं, बाझिसकोंटो, मिळालंच पाहिजे, अगदी बेघर माणसाला आणि आश्रय मागणाऱ्यालाही. अर्ज दिल्यावर बँकेला १० कामाच्या दिवसांत खातं उघडावं लागतं किंवा का नाही ते कळवावं लागतं, आणि चुकीचं नाकारलं तर बाफिन, म्हणजे तिथली बँकांवर देखरेख करणारी सरकारी संस्था, बँकेला खातं उघडायला लावू शकते. मला हा कायदा फार आवडतो, कारण खात्याशिवाय तिथे ना घरभाडं भरता येतं ना पगार घेता येतो.

२. कुठलं कार्ड मिळतंय ते विचारा

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. एक असतं गिरोकार्ड, जर्मन बँकांचं स्वतःचं, लोक अजूनही त्याला ईसी-कार्ड म्हणतात. दुसरं व्हिसा डेबिट किंवा डेबिट मास्टरकार्ड, ज्यावर १६ आकडी नंबर असतो. बऱ्याच ऑनलाइन बँका फुकटात फक्त दुसरं देतात आणि गिरोकार्डाचे वेगळे पैसे घेतात.

माझं मत विचाराल तर पहिलं वर्ष तरी दोन्ही ठेवा. मोठ्या सुपरमार्केटात काहीही चालतं, पण छोटी बेकरी, गल्लीतलं दुकान, कधीकधी सरकारी ऑफिस, इथे पाटी असते की फक्त गिरोकार्ड नाहीतर रोख, कारण दुकानदाराला गिरोकार्ड स्वस्त पडतं. खरंतर युरोपियन युनियनने २०१५ च्या नियमाने डेबिट कार्डावर एका बँकेने दुसऱ्या बँकेला द्यायची फी ०.२ टक्क्यांवर बांधून टाकली, पण त्यावर कार्ड कंपनीची आणि मशीन देणाऱ्याची फी चढते ना. उलट नुसतं गिरोकार्ड ऑनलाइन खरेदीत आणि जर्मनीच्या बाहेर चालत नाही. पूर्वी त्यावर माएस्ट्रोचं, म्हणजे मास्टरकार्डच्या जुन्या डेबिट कार्डाचं, चिन्ह असायचं त्यामुळे बाहेर चालायचं, पण १ जुलै २०२३ पासून माएस्ट्रोची नवीन कार्डं देणं बंद झालंय. सुट्टीत पुण्याला येताना म्हणूनच व्हिसा किंवा मास्टरकार्डवालं सोबत घ्या, आणि ते युरोपबाहेर चालू आहे का हे निघण्याआधी ॲपमध्ये बघा.

३. पिन

कार्ड आणि पिन वेगवेगळ्या पाकिटांतून पोस्टाने येतात, त्यामुळे पत्रपेटीवर तुमचं नाव लावलेलं पाहिजे, नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो. पिन पाठ करा आणि कागद फाडून टाका. पाकिटात, फोनच्या कव्हरमध्ये, कुठेही लिहून ठेवू नका, का ते सहाव्या पायरीत सांगतो. तीनदा चुकला की कार्ड ब्लॉक.

४. दुकानात आणि एटीएमवर

५० युरोपर्यंत कार्ड नुसतं टेकवलं तरी चालतं, त्यावर पिन. मधूनमधून छोट्या रकमेलाही पिन मागतं, तो बिघाड नाही, सुरक्षेसाठीच तसं ठेवलंय. काही दुकानांत पिनऐवजी पावतीवर सही घेतात, तेव्हा तुम्ही खरंतर खात्यातून पैसे ओढायची परवानगी देत असता, म्हणून त्या दिवशी नाही तर एक-दोन दिवसांनी पैसे जातात, खात्यात शिल्लक ठेवा.

कार्डाने पैसे दिले म्हणून जास्तीचे आकारणं १३ जानेवारी २०१८ पासून बेकायदेशीर आहे. "१० युरोच्या वरच कार्ड" अशी पाटी मात्र चालते.

रोख काढताना आपल्या बँकेच्या जाळ्यातलं एटीएम शोधा, दुसऱ्याच्या मशीनवर चार-पाच युरो सहज जातात, पण ती फी पैसे काढण्याआधी स्क्रीनवर दाखवावीच लागते, आवडली नाही तर रद्द करा. रेवे, आल्डी, लिडल, डीएम अशा दुकानांत खरेदी करताना काउंटरवर २०० युरोपर्यंत रोख मिळते, मला हा सगळ्यात सोपा मार्ग वाटतो.

सुरुवातीला भारतातलं कार्ड वापरणार असाल तर ते परदेशासाठी चालू करून घ्या, रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमाने नवीन कार्ड फक्त देशातल्या वापरासाठीच चालू असतं. आणि मशीनने "रुपयांत की युरोत" विचारलं तर युरो निवडा, रुपयांचा दर जवळजवळ नेहमीच महाग असतो.

५. ऑनलाइन

नंबर टाकून भागत नाही, बँकेच्या ॲपमध्ये मंजुरी द्यावी लागते, हा युरोपचाच नियम आहे. फोन बदलण्याआधी नवीन फोनवर ॲप चालू करून घ्या, जुना आधी विकून टाकला तर बँकेच्या पत्राची वाट बघत बसावं लागतं.

६. कार्ड हरवलं किंवा चोरीला गेलं

हे नीट वाचा. लगेच ११६ ११६ या कार्ड ब्लॉक करायच्या नंबरला फोन करा, चोवीस तास चालतो, जर्मनीत फुकट, बाहेरून आधी +४९ लावा. सगळ्या बँका त्यात नाहीत, तेव्हा आपल्या बँकेचा नंबरही फोनमध्ये ठेवा, आणि आयबान म्हणजे खाते क्रमांक कुठेतरी लिहून ठेवा, तो विचारतात. फोनची वेळ टिपून ठेवा.

मग पोलिसांकडे जा. बरेच जण हे सोडून देतात आणि तिथेच फसतात, कारण फोनवरच्या ब्लॉकने पिनचा वापर थांबतो, सहीवाला थांबत नाही. पोलिसांना सांगा की कार्ड कुनो यंत्रणेत, म्हणजे चोरीच्या कार्डांची खबर दुकानांना देणाऱ्या यंत्रणेत, टाका. हे गिरोकार्डासाठी आहे, आणि ब्लॉक कायम ठेवायला कार्डाचा क्रम-क्रमांक लागतो, तो बँक देते.

आता पैशांचं. कळवल्यानंतर चोराने काही काढलं तर तुमची जबाबदारी शून्य, तुम्हीच सामील असाल तर गोष्ट वेगळी. कळवण्याआधी काढलं तर तुमच्यावर जास्तीत जास्त ५० युरो. पण तुम्ही घोर निष्काळजीपणा केला असेल तर सगळं नुकसान तुमचं, आणि पिन कार्डासोबत ठेवणं हे त्यात येतं. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २००४ साली म्हटलंय की चोरी झाल्यावर लगेच खऱ्या कार्डाने आणि बरोबर पिनने पैसे निघाले तर पिन सोबतच होता असं प्रथमदर्शनी मानता येतं. मग उलटं पटवून देण्याचं ओझं तुमच्यावर येतं. पिन टाकताना कोणी मागे उभं होतं, मशीन विचित्र वाटलं, असं काही असेल तर पोलिसांच्या तक्रारीत पहिल्याच दिवशी लिहून घ्या.

७. पैसे परत मागताना

तुम्ही न केलेला व्यवहार दिसला की बँकेला लेखी कळवा, फोनवर थांबू नका. मुदत १३ महिन्यांची असली तरी तेवढं थांबायचं काहीच कारण नाही, उशीर तुमच्याच विरोधात जातो. बँकेला तुमच्यावरच फसवणुकीचा ठोस संशय नसेल तर कळवल्यानंतरच्या लगेच पुढच्या कामाच्या दिवसाच्या शेवटापर्यंत पैसे परत टाकावे लागतात. सहीवाल्या किंवा हप्त्यासारख्या ओढलेल्या रकमा तर ८ आठवड्यांत कारण न देता परत घेता येतात, ॲपमध्येच बटण असतं. अर्थात खरोखरचं देणं असेल तर ते तसंच राहतं आणि वर दंड बसतो.

तक्रारीला बँकेने १५ कामाच्या दिवसांत उत्तर द्यायचं असतं, अपवाद म्हणून ३५. उत्तर पटलं नाही तर त्या बँकेच्या लवादाकडे जा, ग्राहकाला फी नसते, आणि वकिलाशिवाय चालतं. बाफिनकडेही लिहू शकता, पण ती तुमचं भांडण सोडवत नाही, बँक नियम पाळते का ते बघते, म्हणून पैसे हवे असतील तर लवाद आधी.