शाळेच्या ताटातली भाजी मुलांच्या पोटात जावी म्हणून

शालेय पोषण आहार सुधारण्याचा विषय निघाला की शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत चर्चा लगेच नव्या पदार्थांकडे वळते. माझा आग्रह मात्र असा आहे की सुरुवात मुले ताटात काय टाकतात हे पाहण्यापासून करावी. पंधरा दिवस रोज जेवण आटोपल्यावर उरलेल्या अन्नाचे वजन करून ते त्या दिवशीच्या पदार्थासमोर वहीत लिहावे. पातेल्यातली शिल्लक आणि ताटातले उष्टे यांची नोंद वेगवेगळी ठेवावी, कारण पातेल्यात उरले तर अंदाज चुकला असे समजावे, पण ताटात उरले तर चव, शिजवण्याची पद्धत किंवा जेवायला मिळालेला वेळ यांपैकी काहीतरी चुकले आहे.

त्यानंतर प्रमाण तपासावे. केंद्राच्या निकषांप्रमाणे पहिली ते पाचवीच्या प्रत्येक मुलासाठी रोज 100 ग्रॅम धान्य, 20 ग्रॅम डाळ किंवा कडधान्य आणि 50 ग्रॅम भाजी धरलेली आहे. सहावी ते आठवीसाठी हेच प्रमाण 150, 30 आणि 75 ग्रॅम होते. म्हणजे प्राथमिकची साठ मुले जेवणार असतील तर तीन किलो भाजी चिरली गेली पाहिजे. हा हिशेब स्वयंपाकघराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा, कारण कात्री लागते ती बहुधा भाजीलाच.

उसळीकडे विशेष लक्ष द्यावे. मटकी किंवा मूग नीट न भिजवता शिजवले की दाणा कडक राहतो, आणि मूल तो बाजूला सारून नुसता भात खाते. स्वयंपाकी ताईंनी आदल्या दिवशी सकाळी आल्याबरोबर कडधान्य भिजत घातले आणि दुपारी घरी जाताना उपसून ओल्या फडक्यात बांधले, तर दुसऱ्या दिवशी स्वयंपाकाच्या वेळेपर्यंत मोड येतात. थंडीत मात्र एक दिवस आधीच तयारी करावी लागते. रविवारी शाळा बंद असल्यामुळे सोमवारच्या पाककृतीत मोडाची उसळ ठेवूच नये. मोड आल्याने कडधान्य पचायला हलके होते आणि त्यातले क जीवनसत्त्वही वाढते.

पालेभाजी वेगळी वाढली की नको म्हणणारी मुले ती वरणात बारीक चिरून घातलेली असली तर सहज खातात. शेवग्याचा कोवळा पाला यासाठी उत्तम आहे. परसबागेत शेवग्याची दोन झाडे असली तरी पाल्याची बरीच सोय होते. लिंबू पातेले चुलीवरून उतरवल्यावरच पिळावे, कारण क जीवनसत्त्व उष्णतेने कमी होते, आणि पालेभाजीतले व कडधान्यातले लोह अंगी लागायला तेच मदत करते.

वाढताना पहिल्यांदा थोडे वाढावे आणि मूल मागेल तेव्हा पुन्हा वाढावे. ‘ताट संपव’ असे दरडावल्याने भाजीची गोडी लागत नाही. नको असलेली भाजी चमचाभर तरी अनेक वेळा समोर आली, आणि पंगतीत बसलेले गुरुजी किंवा बाई तीच भाजी आवडीने खाताना दिसल्या, की मुले हळूहळू ती चाखू लागतात. वाढण्यापूर्वी शिक्षकांनी चव घेणे नियमानेच आवश्यक आहे. त्यापुढे जाऊन आठवड्यातून निदान एकदा त्यांनी मुलांबरोबर पूर्ण जेवण करावे. हात धुण्याचा वेळ सोडून वीस-पंचवीस मिनिटे निवांत जेवायला मिळावीत, कारण खेळायला पळायची घाई असलेले मूल चावून खावी लागणारी भाजी आधी टाकते.

पालकांशी एक गोष्ट स्पष्टपणे बोलावी. शाळेत येताना हातात दिलेला कुरकुऱ्यांचा किंवा बिस्किटांचा पुडा भूक मारतो आणि त्या दिवसाचे उष्टे वाढवतो. सभेत उपदेश करण्याऐवजी पंधरा दिवसांची नोंदवही त्यांच्यासमोर ठेवावी, आणि ज्या पदार्थाचे उष्टे सर्वांत जास्त निघाले तो स्वयंपाकी ताईंनी त्यांच्यासमोर रांधून पालकांनाही वाढावा. त्यात मीठ कमी आहे की दाणा कच्चा, हे मग बैठकीत विचारावे लागत नाही.