ऑडिओ स्लाइडशो करायचाय? आधी हुंकार थांबवा

चांगले फोटो काढणाऱ्यांना ऑडिओ स्लाइडशो, म्हणजे एखाद्याच्या बोलण्यावर एकामागून एक सरकणारे फोटो, सोपा वाटतो. फोटो तर आहेतच, खाली आवाज लावला की झालं! तसं होत नाही. इथे गोष्ट पुढे नेतो तो आवाज. एक फोटो पाच-सहा सेकंद धरला तर अडीच मिनिटांना २५ ते ३० फोटो लागतात, तेवढे कुणीही जमवेल. अडीच मिनिटं ऐकत राहावंसं वाटेल असं बोलणं मिळवताना मात्र घाम फुटतो.

मला सगळ्यात जास्त छळलं ते हुंकाराने. समोरचा बोलतोय आणि आपण गप्प, हे आपल्याकडे उद्धटपणाचं वाटतं. म्हणून ‘हं’, ‘हो का’, ‘अरे बापरे’ चालू राहतं. माणूस आतलं काही सांगतो तेव्हाच आपल्या तोंडून दाद जाते, आणि ती नेमकी त्याच्या वाक्याच्या शेवटावर बसते. म्हणजे सगळ्यात मोलाचं वाक्यच हमखास खराब. एका ट्रॅकवर मिसळलेले दोन आवाज नंतर धड सुटे होत नाहीत. सॉफ्टवेअरने ओढून काढले तर मूळ आवाजाचा जीव जातो. वर फोटो बदलून हा डाग झाकता येत नाही. शिवाय गोष्ट त्या माणसाच्या एकट्याच्या आवाजात चालली असताना मधेच ‘हं’ करणारा हा कोण, हे ऐकणाऱ्याला कळत नाही.

म्हणून बसतानाच सांगा, ‘काका, मी मधे बोलणार नाही, नुसती मान हलवीन. तुम्ही सांगत राहा.’ लोक समजून घेतात, खरंच. हेडफोन कानावरच ठेवा. स्वतःचा हुंकार कानात आदळला की सवय लवकर सुटते. उत्तर संपलं तरी तीन आकडे मोजून मग पुढचं विचारा, त्या शांततेत पुष्कळदा खरी गोष्ट येते. ‘किती वर्षं करताय?’ विचारलंत तर ‘तीस’ एवढंच मिळेल, आणि तुमचा प्रश्न कापल्यावर त्या ‘तीस’चं करायचं काय? ‘या कामात कसे आलात, पहिल्यापासून सांगा’ असं विचारा.

जागेचे आवाज वेगळे घ्या. कल्हईवाल्याकडे गेलात तर बोलणं भट्टी पेटण्याआधी उरका. मग भात्याची धाप, तापलेल्या पातेल्यात बोळ्याने कथील फिरवतानाची घासघास, भांडं पाण्यात बुडवल्यावरचा चर्र आवाज, हे सगळं एकेक करून, हात न हलवता रेकॉर्ड करा. नवसागराच्या धुराचे फोटो पुढच्या भांड्याला काढा, नाहीतर शटरचा खटका आवाजात येतो. शेवटी कुणीच काही न बोलता एक मिनिट तिथली शांतता घ्या. वाक्यं कापल्यावर पडणाऱ्या फटी तिनेच बुजतात.

करुण बासरी लावू नका. कुठलाही ज्येष्ठ सांगो, लावू नका. ‘आधी फोटो आण, आवाजाचं नंतर बघू’ म्हणणाऱ्या ज्येष्ठांकडून फोटो शिका, हे काम शिकू नका.

महागड्या कोर्सपेक्षा ऐकणं कामी येतं. न्यूयॉर्क टाइम्सने २००९ मध्ये ‘वन इन एट मिलियन’ केलं: शहरातली साधी ५४ माणसं, टॉड हाइसलरचे कृष्णधवल फोटो, आणि आवाज फक्त त्या त्या माणसाचा. त्याला एमी हा अमेरिकेतला टीव्ही क्षेत्रातला मोठा पुरस्कार मिळाला. आपल्या जवळचं हवं असेल तर पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलेल्या ‘पारी’ या ग्रामीण भारतावरच्या वेबसाइटवर जात्यावरच्या ओव्या ऐका. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सुरू केलेल्या कामातून एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या आहेत.

या कामाचे वेगळे पैसे बऱ्याच ठिकाणी मिळत नाहीत. हिशेब आधीच विचारा, संकोच करू नका. सामानाची काळजी मात्र सोडा. मोबाइल आणि साधा वायरचा कॉलर माइक सुरुवातीला पुरतो. तयार काम साध्या व्हिडिओ फाइलमध्ये काढा आणि मूळ आवाज वेव्ह (WAV) या न दाबलेल्या ऑडिओ फाइलमध्ये दोन ठिकाणी जपा. २०२० अखेर फ्लॅश हे ब्राउझरमध्ये चालणारं सॉफ्टवेअर बंद झालं, तेव्हा त्यावर बनवलेले कितीतरी जुने स्लाइडशो उघडेनासे झाले. ज्यांच्याकडे मूळ फोटो आणि आवाज सुटे होते, त्यांनाच ते पुन्हा बांधता आले.