सायकलचा पुढचा दिवा: भिंतीवर एकदा जुळवून घ्या

रात्री सायकल चालवताना दिवा असूनही खड्डा दिसत नाही, आणि समोरून येणारा मात्र डोळ्यांवर हात धरतो. बहुतेक वेळा दोष दिव्याचा नसतो, त्याच्या कोनाचा असतो.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये भिंतीपासून साधारण ५ मीटरवर सायकल उभी करा. हँडलवरचा दिवा जमिनीपासून जितका उंच आहे तिथे भिंतीवर खडूने रेघ मारा. स्वतः सायकलवर बसा आणि उजेडाचा सर्वात प्रखर भाग रेघेच्या वीतभर खाली येईल असा दिवा वाकवा. मग क्लॅम्प घट्ट करा. खड्ड्यांत दिवा खाली झुकत असेल तर क्लॅम्पखाली जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळा. पंक्चरवाला तो फुकट देतो.

विकत घेताना: मरीन ड्राइव्हसारख्या उजळ रस्त्यावर २०० ते ३०० ल्युमेन (उजेड मोजायचं एकक) पुरतात. आरे कॉलनीतल्या अंधारात ५०० च्या पुढे जा. पावसाळ्यासाठी खोक्यावर 'आयपीएक्स ६' पाहा, दिवा पाण्याला किती दाद देत नाही त्याचा हा दर्जा. 'आयपीएक्स ४' म्हणजे फक्त शिंतोड्यांपुरतं. चार्जिंगच्या भोकावरचं रबरी झाकण मात्र नीट बसवा, पाणी तिथूनच शिरतं. पूर्ण उजेडावर बॅटरी किती तास टिकते तेही वाचा, खोक्यावर ठळक छापलेला आकडा बहुधा सर्वात मंद उजेडाचा असतो.

एक सावधगिरी: अंधाऱ्या रस्त्यावर लुकलुकता मोड नको. त्यात खड्ड्याची खोली कळत नाही आणि समोरच्याला तुमचं अंतरही नाही. आणि स्टेशनबाहेर सायकल लावलीत तर दिवा काढून खिशात!