प्रत्येक फ्लॅटचं शेवटचं रीडिंग कसं काढायचं

धायरीतल्या आमच्या सोसायटीत 84 फ्लॅट, प्रत्येकाला पाण्याचं मीटर. उन्हाळ्यात टँकरचा खर्च वापरानुसार वाटतो, म्हणून दर फ्लॅटचं सगळ्यात ताजं रीडिंग लागतं. हिशोब माझ्याकडे. सगळी रीडिंग्ज मायएसक्यूएल या डेटाबेसच्या टेबलात आहेत; ती क्वेरी (डेटाबेसला दिलेली मागणी) लिहून काढते.

सुरुवातीला मी ग्रुप बाय फ्लॅट करून (फ्लॅटप्रमाणे नोंदींचे गट पाडून) मॅक्स, म्हणजे सगळ्यात मोठी, तारीख घेतली आणि शेजारी रीडिंगचा कॉलम तसाच लिहिला. तारीख बरोबर, रीडिंग भलत्याच महिन्याचं! तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना चुकीचं बिल गेलं, त्याची रुखरुख अजून आहे. मॅक्स फक्त त्या कॉलममधला मोठा आकडा देतो, अख्खी ओळ नाही. मायएसक्यूएल 5.7 पासून डिफॉल्ट सेटिंगमध्ये अशी क्वेरी नाकारतं; आमच्या जुन्या आवृत्तीने ती निमूट चालवली.

आता 8.0 वर असं करते. आतल्या क्वेरीत रो नंबर, म्हणजे ओळींना क्रमांक देणारं फंक्शन. ओव्हरच्या कंसात पार्टिशन बाय फ्लॅट, मग ऑर्डर बाय तारीख डिसेंडिंग (उतरत्या क्रमाने), आयडी (नोंदीचा वाढता क्रमांक) डिसेंडिंग. प्रत्येक फ्लॅटच्या नोंदींना नव्याकडून जुन्याकडे 1, 2, 3 क्रमांक पडतात. बाहेरच्या क्वेरीत क्रमांक 1 च्याच ओळी घ्या. हा क्रमांक त्याच क्वेरीच्या व्हेअरमध्ये (ओळी गाळणाऱ्या अटीत) चालत नाही, म्हणून दोन पायऱ्या.

आयडी गाळू नका. वॉचमनकाका कधी सकाळचा चुकलेला आकडा संध्याकाळी नव्या नोंदीने दुरुस्त करतात. तारीख एकच, मग कुठली ओळ वर येईल याचा नेम नाही.

पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसमध्ये डिस्टिंक्ट ऑनने (प्रत्येक गटाची पहिलीच ओळ ठेवून) हेच थोडक्यात होतं.

शेवटी ओळी मोजा. 83 आल्या तर एका फ्लॅटची नोंदच नाही. फ्लॅटच्या यादीला हा निकाल लेफ्ट जॉइनने (यादीतली प्रत्येक ओळ राखून) जोडा, तो रिकामा दिसेल.