कॅथलिकांमधलं मिशनकार्य: हा विषय अभ्यासाला घेणाऱ्यांसाठी

इव्हँजेलिकल, म्हणजे प्रत्येकाच्या व्यक्तिगत विश्वासावर भर देणारी प्रोटेस्टंट मंडळी कॅथलिकांमध्ये मिशनकार्य का करतात, आणि त्यांच्यातलेच काही जण ते करू नये असं का म्हणतात, यावर प्रबंध लिहायचा म्हटलं की बहुतेक विद्यार्थी थेट मार्टिन ल्यूथरपासून सुरुवात करतात. तो भाग वाचावा लागतोच. पण मला विचारणाऱ्यांना मी १९१० पासून सुरुवात करायला सांगते.

त्या वर्षी एडिनबर्गला जागतिक मिशनरी परिषद भरली. कॅथलिक लोकांमध्ये चाललेलं प्रोटेस्टंट काम चर्चेतून आधीच वगळलेलं होतं. अँग्लिकन चर्चमधल्या (म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतल्या) कॅथलिक परंपरेकडे झुकलेल्या गटाच्या दृष्टीने लॅटिन अमेरिका हा ख्रिस्ती प्रदेशच होता. त्या गटाशिवाय परिषद भरवायची नव्हती, म्हणून त्यांची अट मान्य झाली. प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट पंथाच्या अमेरिकन मिशन मंडळाचे रॉबर्ट स्पीअर आणि त्यांचे सहकारी यावर गप्प बसले नाहीत. त्यांच्या खटपटीतून १९१६ मध्ये पनामाला लॅटिन अमेरिकेसाठी वेगळी परिषद झाली. म्हणजे हा वाद प्रोटेस्टंट विरुद्ध कॅथलिक एवढाच नाही, तो प्रोटेस्टंटांच्या घरातलाही आहे. अभ्यासाला खरा रंग तिथूनच चढतो.

समोरचा माणूस आधीच ख्रिस्ती आहे की नाही, हे कशावरून ठरवायचं? माझ्या मते सगळा वाद या एका प्रश्नापाशी येऊन थांबतो. कॅथलिक शिकवणीप्रमाणे बाप्तिस्म्याने माणूस ख्रिस्ताशी आणि चर्चशी जोडला जातो. इव्हँजेलिकल माणूस विचारतो, याने स्वतः पश्चात्ताप करून ख्रिस्तावर विश्वास ठेवला आहे का? हाच प्रश्न तो नावापुरत्या प्रोटेस्टंटालाही विचारतो. हे नजरेआड झालं की सगळंच लिखाण कॅथलिकद्वेषाचं वाटू लागतं. द्वेषाचं लिखाण आहेच, एकोणिसाव्या शतकात तर भरपूर आहे. पण मनापासून दुसऱ्याच्या तारणाची काळजी करणाऱ्या माणसालाही त्याच रकान्यात टाकणं हा अन्याय आहे, आणि अभ्यास म्हणूनही ते कच्चं काम आहे.

यानंतर १९९४ चं ‘इव्हँजेलिकल्स अँड कॅथलिक्स टुगेदर’ हे निवेदन सावकाश वाचा. इव्हँजेलिकल चार्ल्स कोल्सन आणि कॅथलिक धर्मगुरू रिचर्ड जॉन न्यूहाउस यांच्या पुढाकाराने ते निघालं. एका ख्रिस्ती समाजाने दुसऱ्या ख्रिस्ती समाजाच्या सक्रिय सभासदांना आपल्याकडे ओढू नये, असं त्यात म्हटलं आहे. ‘सक्रिय’ ही मर्यादा वाचताना सुटू देऊ नका, कारण नावापुरत्या कॅथलिकांमध्ये काम करायची वाट तिने मोकळीच राहते. इव्हँजेलिकल धर्मपंडितांपैकी जे. आय. पॅकर यांनी निवेदनावर सही केली, आर. सी. स्प्रोल यांनी कडाडून विरोध केला. दोघेही रिफॉर्म्ड (कॅल्विनच्या) परंपरेतले आणि माणूस देवापुढे केवळ विश्वासाने नीतिमान ठरतो यावर दोघेही ठाम. पॅकर यांना मतभेद शिल्लक असतानाही एकत्र साक्ष देणं शक्य वाटलं. स्प्रोल यांच्या मते त्या एका सिद्धांतावर एकमत नसेल तर सुवार्तेवरच एकमत नाही. मला पॅकर यांची बाजू जवळची वाटते, पण स्प्रोल यांचा आक्षेप मला आजही सहज खोडता येत नाही.

कॅथलिक बाजू त्यांच्याच कागदपत्रांतून वाचा. माणूस नीतिमान कसा ठरतो याविषयीचा ट्रेंट परिषदेचा १५४७ चा ठराव आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा ख्रिस्ती ऐक्यावरचा १९६४ चा हुकूमनामा ही किमान तयारी. इतर ख्रिस्ती समाजांतल्या लोकांना बंधू मानणारा हा हुकूमनामा आणि १९९२ मध्ये सांतो दोमिंगोला लॅटिन अमेरिकेतल्या बिशपांपुढे तिथे पसरणाऱ्या पंथांना हिंस्र लांडग्यांची उपमा देणारे पोप जॉन पॉल दुसरे, दोन्ही एकाच चर्चचे आहेत. दोन्ही बाजूंनी एकत्र बसून लिहिलेलं काही हवं असेल तर १९७७ ते १९८४ मधल्या मिशनविषयक संवादाचा अहवाल घ्या. इंग्लंडमधले इव्हँजेलिकल नेते जॉन स्टॉट त्यात होते.

आता प्रबंधासाठी पाळकांच्या मुलाखती घेण्याबद्दल. लॅटिन अमेरिकेवर काम करणार असाल तर स्पॅनिश किंवा पोर्तुगीज शिकाच, दुभाष्यामार्फत श्रद्धेबद्दल बोलता येत नाही. प्यू या अमेरिकन संशोधन संस्थेच्या २०१४ च्या पाहणीत तिथले ८४ टक्के प्रौढ कॅथलिक घरात वाढलेले होते, पण स्वतःला कॅथलिक म्हणवणारे ६९ टक्केच होते. तेव्हा ज्या पाळकांशी तुम्ही बोलाल त्यांतले बरेच स्वतःच कॅथलिक घरातून आलेले असतील. मी भेटलेले एक पाळक व्यासपीठावरून कॅथलिक शिकवणीवर कठोर बोलत. रोज मिस्साला जाणाऱ्या आपल्या आईबद्दल मात्र ते म्हणाले, ‘प्रार्थना मी तिच्याकडूनच शिकलो.’ प्रबंधात दोन्ही आलं पाहिजे.

सिद्धांतावर थेट विचारलं तर पाठ केलेली उत्तरं मिळतात. त्याऐवजी विचारा: कॅथलिक म्हणून बाप्तिस्मा झालेला माणूस तुमच्याकडे आला तर त्याला पुन्हा बाप्तिस्मा देता का? बॅप्टिस्ट देतात, कारण बालबाप्तिस्मा त्यांना मुळातच मान्य नाही. बालबाप्तिस्मा मानणाऱ्यांची मात्र इथे पंचाईत होते. १८४५ मध्ये अमेरिकेतल्या ओल्ड स्कूल (जुन्या मताच्या) प्रेस्बिटेरियन महासभेने १६९ विरुद्ध ८ मतांनी रोमन बाप्तिस्मा अवैध ठरवला, आणि त्यांच्यातलेच मोठे धर्मपंडित चार्ल्स हॉज यांनी त्याविरुद्ध लिहिलं. या प्रश्नावर पाळक जे उत्तर देतील ते शब्दशः टिपून घ्या, आणि उत्तर देण्याआधी ते अडखळले तर तेही.