जवस खाताय? मग या चुका टाळा

ओमेगा-३ साठी घरोघरी जवस येऊ लागला, फार बरं झालं. पण त्याच त्याच चुकांनी चांगला जवस वाया जाताना बघवत नाही.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे एकदमच ढीगभर दळून ठेवणं. माझ्या जाऊबाईंनी मार्चमध्ये दोन किलो जवस भाजून, दळून डबा गॅसशेजारी ठेवला. मे महिन्यात चटणी कडू लागली. त्या मिरचीला दोष देत होत्या. मी डबा उघडून हुंगला, तर नव्या बॅटला तेल पाजताना येतो तसला वास! बॅटला पाजतात तेही जवसाचंच तेल.

या तेलात साधारण निम्मं अल्फा-लिनोलेनिक आम्ल असतं, तेच जवसातलं ओमेगा-३ मेदाम्ल (मेदाम्लं म्हणजे तेला-तुपाचे घटक). १८ कार्बनची साखळी, तिच्यात तीन दुहेरी बंध. बंधांपाशी साखळीला बाक येतो, म्हणून अशी मेदाम्लं दाटीवाटीनं बसत नाहीत आणि पेशीचं पटल लवचीक राहतं. पण हवेतला प्राणवायूही नेमका या बंधांच्या शेजारीच झोंबतो. अख्ख्या दाण्यात तेल टरफलाआड जपलेलं असतं. दळलं की उघडं पडतं, वर गॅसची धग.

मी आठवड्यापुरता वाटीभरच भाजते, तडतडला की उतरवते, पूर्ण गार करून दळते आणि काचेच्या बरणीत घालून फ्रिजमध्ये ठेवते. दहा मिनिटांचं काम आहे. तेवढाही धीर नसेल तर तयार पूड आणण्यापेक्षा जवस खाऊच नका. खवट वास आला की सरळ टाकून द्या, लसूण वाढवून खपवू नका.

अख्खा जवस न चावता गिळला तर बराचसा तसाच बाहेर पडतो.

थंडीत खोबरेल गोठलं म्हणजे भेसळ नव्हे. त्यात संपृक्त, म्हणजे दुहेरी बंध नसलेलं, लॉरिक आम्ल भरपूर असतं; बाक नसल्यानं त्याच्या साखळ्या दाटीवाटीनं बसतात.

तेल पूर्ण बंद करू नका. १९२९ मध्ये ‘बर’ आडनावाच्या शास्त्रज्ञ दांपत्यानं उंदरांना मेदाविना वाढवलं, तर त्यांची वाढ खुंटली, कातडीला खवले आले. कारण तेलातलं लिनोलेइक आम्ल (हे वरच्या लिनोलेनिकहून वेगळं) शरीराला बनवता येत नाही, ते खाण्यातूनच यावं लागतं.

आणि ‘जवस खातो, मग बांगडा कशाला?’ हे तर बोलूच नका. मेंदूला आणि डोळ्याच्या पडद्याला डीएचए हे दुसरं ओमेगा-३ मेदाम्ल लागतं, २२ कार्बनचं, सहा दुहेरी बंधांचं. जवसातल्या आम्लापासून शरीर ते फारच थोडं बनवतं. बांगडा, तारली यांत ते आयतं मिळतं. शाकाहारी असाल तर डॉक्टरांना विचारून शैवालाच्या तेलाच्या गोळ्या घ्या. माशांकडे तरी ते मुळात सूक्ष्म शैवालांकडूनच येतं.