अनवाणी चालण्याआधी: मधुमेह असलेल्यांच्या पायांची जाणीव घरी कशी तपासायची

श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारची ब्रह्मगिरीची फेरी असो की नवरात्रात वणीच्या गडापर्यंत चालत जाणं, आपल्या नाशिककडे हे अनवाणी करणारे पुष्कळ. नऊ दिवस पायात चप्पलच घालायची नाही असा नेम असलेलेही घरोघरी सापडतात. घरात कुणाला मधुमेह असेल, तर नेम धरण्याआधी ही तपासणी उरकून घ्या. यंत्र लागत नाही, खर्च नाही, पाच मिनिटं पुरतात.

‘मला काही त्रास नाही’ यावर मात्र विसंबू नका. साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की सर्वांत लांबच्या नसांना आधी इजा होते, म्हणून सुरुवात पायाच्या बोटांपासून. कुणाला मुंग्या येतात, कुणाचे तळवे रात्री जळतात. पण नसांना इजा झालेल्यांपैकी निम्म्यापर्यंत लोकांना काहीच जाणवत नाही. पायातली चप्पल निसटली आणि चार पावलं पुढे गेल्यावर कळलं, असं होत असेल तर तिथेच सावध व्हा.

ही तपासणी ब्रिटनमधल्या इप्सविचच्या रुग्णालयात तयार झाली, म्हणून तिला ‘इप्सविच टच टेस्ट’ म्हणतात. स्वतःची स्वतः होत नाही, दुसरं माणूस लागतं. मुलगा, सून, नातवंडं, कुणीही चालेल.

आधी नुसतं पाहून घ्या. मोजे काढून पाय पलंगावर सरळ, उजेडात. बोटांच्या बेचक्या, टाचांच्या भेगा, तळव्यावरचे घट्टे, सगळं बघा. आईची तपासणी असेल तर जोडवी सरकवून त्याखालची कातडीही पाहा, तिथली जखम सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. जखम, फोड, पू किंवा काळपट डाग दिसला तर पुढची तपासणी राहू द्या, आधी डॉक्टर.

आता उजव्या पायाच्या नडगीला नीट हात लावून सांगा, ‘हा उजवा.’ मग डाव्याला, ‘हा डावा.’ हे बाळबोध वाटेल, पण पुढचा गोंधळ यानेच टळतो. मग डोळे मिटायला सांगा. स्पर्श झाला की ‘उजवा’ किंवा ‘डावा’ एवढंच बोलायचं.

तुमच्या तर्जनीचं टोक त्यांच्या बोटाच्या शेंड्याला अगदी हलकं, एक-दोन सेकंद टेकवा. मोरपीस टेकावं तितकंच. दाबायचं नाही, टिचकी नाही, घासायचं नाही. क्रम असा:

१. उजव्या पायाचा अंगठा
२. उजवी करंगळी
३. डावा अंगठा
४. डावी करंगळी
५. उजव्या पायाचं मधलं बोट
६. डाव्या पायाचं मधलं बोट

सगळा घोळ होतो तो इथेच, आणि तो तपासणाऱ्याकडून. उत्तर आलं नाही की आपण जरा जोर देतो, ‘आता कळलं का, बाबा?’ म्हणून विचारतो. बाबाही मग ‘हो हो’ म्हणतात. एका बोटाला एकच संधी. उत्तर नाही आलं तर गप्प राहून कागदावर फुली मारा आणि पुढच्या बोटाकडे वळा.

सहापैकी दोन किंवा जास्त फुल्या आल्या, तर पायाची जाणीव कमी झाली असण्याची दाट शक्यता आहे. घाबरून जाऊ नका, पण डॉक्टरांची वेळ लगेच घ्या. ते १० ग्रॅमचा दाब देणारा मोनोफिलामेंट, म्हणजे नायलॉनचा बारीक धागा, तळव्याला टेकवून पाहतात. १२८ हर्ट्झच्या ट्यूनिंग फोर्कने, म्हणजे थरथरणाऱ्या धातूच्या चिमट्याने, कंप कळतो का ते बघतात, घोट्याचा रिफ्लेक्स (हलकं ठोकल्यावर पाऊल आपोआप हलतं का) आणि पायातली नाडीही तपासतात. कंप मोजायचं बायोथेसिओमीटर यंत्र शिबिरांतून असतं. त्यात २५ व्होल्टच्या वर आकडा गेला तर जखम होण्याचा धोका जास्त धरतात. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी बरीच वर्षं चालू असेल तर बी१२ जीवनसत्त्वाची तपासणीही विचारा, कारण ते कमी झाल्यानेही पाय बधिर होतात आणि त्यावर उपचार आहे.

सहाही बोटं कळली तरी डॉक्टरांकडची वर्षातून एकदाची पायांची तपासणी सोडू नका. टाइप २ मध्ये ती निदान झाल्या दिवसापासून, टाइप १ मध्ये निदानानंतर पाच वर्षांनी सुरू करायची असते.

फुल्या आल्या असतील तर यंदा अनवाणी नकोच, घरातही नको. चामड्याचं चालत नसेल तर कापडी बूट घाला. बूट घालण्याआधी उलटा करून झटका, आत हात फिरवा, खडा राहिला असला तरी पाय सांगणार नाही. थंडीत शेकोटीजवळ पाय नेणं किंवा गरम पाण्याची पिशवी लावणं बंद. आंघोळीचं पाणी कोपराने पाहा. पायाला झालेलं कुरूप ब्लेडने कापू नका, मेडिकलमधली कॉर्नची पट्टीही लावू नका. आणि चालून आल्यावर तळव्याला पाण्याचा फोड दिसला तर फोडायचा नाही. स्वच्छ पट्टी बांधून त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, दुखत नसला तरी.